शाळेची भिंत आणि घरची चूल

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात एका शिक्षिकेने केलेले भाषण)



‘वर्गसजावट’ या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, अशी संयोजकांची सूचना होती. विषय दिसावयास लहान आहे. परंतु त्याचा संबंध शिक्षकाच्या खिशाशी, त्याच्या झोपेशी आणि त्याच्या घरातील माणसांशी येतो. म्हणून मी तो थोडा रुंद करून मांडणार आहे. वर्गाची भिंत कोणी सजवावी, कशाने सजवावी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी सजवावी, हे तीन प्रश्न मला एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

भेटीचा किंवा तपासणीचा दिवस जवळ आला की आपल्या घरांचे काय होते, हे आपणांस सांगावयास नको. संध्याकाळी शाळेतून यावे, देवापुढे दिवा लावावा, भाकरी थापाव्यात, सासूबाईंचे पथ्यपाणी पाहावे, आणि साडेनऊला सर्वांची जेवणे उरकली की जमिनीवर घोटीव कागदाचे ताव पसरून बसावे. मग पताका कापावयाच्या, तक्त्यांना किनार लावावयाची, ‘सुस्वागतम्’ची अक्षरे पुठ्ठ्यावर चिकटवावयाची. घरातील मुलगा सहावीत असेल तर तो कात्री घेऊन मदतीस बसतो. दुसऱ्याच्या मुलांसाठी तो फुले कापतो आणि त्याची स्वतःची वही दप्तरातच राहते. ज्या घरी पती व पत्नी दोघेही शिक्षक आहेत, तेथे हा प्रकार दुप्पट होतो. कागदाचा, रंगाचा आणि चकचकीत पट्ट्यांचा खर्च बहुधा पगारातून जातो व त्याची नोंद कोठेच राहत नाही. दुसऱ्या दिवशी भिंत भरलेली दिसते, पाहुणे ‘छान’ म्हणतात, आणि ज्या मुलांसाठी हे सर्व केले, ती मुले त्या तक्त्यांकडे आठवड्यानंतर वळूनही पाहत नाहीत. वरच्या ओळीतले तक्ते तर त्यांच्या नजरेच्या टप्प्यातही नसतात. पहिलीतले मूल साडेतीन-पावणेचार फूट उंच; तक्ता टांगलेला असतो सात फुटांवर. तो मुलांसाठी टांगला की दारात उभ्या राहणाऱ्या मोठ्या माणसासाठी, याचे उत्तर त्याच्या उंचीवरूनच मिळते.

भरगच्च भिंतीने मुलांचे शिक्षण सुधारते, अशी आपली एक समजूत आहे. ती तपासून पाहण्याचा एक प्रयत्न अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला व त्याची हकीकत २०१४ साली प्रसिद्ध झाली. बालवाडीच्या वयाची २४ मुले घेतली. त्यांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ दिले. तीन पाठांच्या वेळी वर्गाच्या भिंती चित्रांनी व तक्त्यांनी भरलेल्या होत्या, तीन पाठांच्या वेळी त्या उघड्या होत्या. भरलेल्या भिंतींच्या वर्गात मुलांचे लक्ष पाठाबाहेर राहण्याचे प्रमाण शेकडा ३९ च्या आसपास होते, तर उघड्या भिंतींच्या वर्गात ते शेकडा २८ च्या आसपास भरले. पाठानंतर विचारलेल्या प्रश्नांची बरोबर उत्तरे सजवलेल्या वर्गात शेकडा ४२ आणि साध्या वर्गात शेकडा ५५ आली. मुले थोडी होती व देश निराळा होता, तेव्हा यावरून कोणी भिंतींना चुना फासून मोकळे व्हावे, असे मी म्हणणार नाही. परंतु ‘जितके अधिक तितके बरे’ हे गृहीत धरून आपण रात्री जागवीत असू, तर त्या गृहीताला आधार नाही, इतके तरी यातून कळते.

मग भिंतीवर काय असावे? माझे मत असे आहे की, मुलाने स्वतः केलेले, मुलाला रोज उपयोगी पडणारे आणि गावात फुकट अथवा जवळजवळ फुकट मिळणाऱ्या वस्तूंचे असे जे असेल, ते असावे. हा विचार काही माझा नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. हे गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. माँटेसोरी पद्धतीची विकतची साधने आदिवासी पाड्याला परवडण्यासारखी नव्हती. म्हणून या दोघींनी बिया, शंख-शिंपले, गोटे, पाने व काड्या यांना साधनाची प्रतिष्ठा दिली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, गुरांमागे जात असेल तर कुरणात न्यावी, इतका साधा त्यांचा हिशेब होता. अंगणवाडी हा शब्द आज घरोघरी झाला आहे. त्यामागचा काटकसरीचा विचार मात्र आपण कागदाच्या दुकानात हरवून बसलो आहोत.

माझ्या वर्गातील एक उदाहरण सांगते. आमच्या गावातील बरीच कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जातात व पाडव्याच्या मागेपुढे परततात. त्या काळात काही मुले आजी-आजोबांपाशी राहतात. चौथीत अशी एक मुलगी होती. वर्गात ती बोलत नसे. विचारले तर मान खाली घाली. अक्षर वाईट नव्हते, हजेरीही बरी होती. परंतु आपल्याला सांगण्यासारखे काही येते, असे तिला वाटतच नव्हते. तिची आजी गावात गोधड्या शिवून देते, हे मला ठाऊक होते. वर्गात बसावयास एक मोठे बस्कर हवे होते. मी आजींच्या घरी गेले आणि शनिवारी शाळेत येऊन शिवून दाखवाल का, असे विचारले.

आजी म्हणाल्या, “बाई, म्या अडाणी. साळंत येऊन काय करू?”

मी म्हटले, “आजी, तुम्ही फक्त शिवा. मोजायचे काम आमचे.”

मुलांनी घरून जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे आणि धोतरांचे तुकडे आणले. एक वीत लांब व एक वीत रुंद असा पुठ्ठ्याचा साचा केला. परंतु ‘वीत कोणाची?’ यावरून वर्गात मोठा वाद झाला, कारण आजींची वीत व मुलांची वीत जुळेना. शेवटी फूटपट्टी आली आणि वीस सेंटिमीटर ठरले. मापाला प्रमाण का लागते, हा पाठ मी वेगळा शिकवला नाही. लांबीत बारा व रुंदीत आठ तुकडे लावावयाचे होते. मुलांनी पाटीवर गुणाकार मांडला. तोवर आजी तुकडे चारचारांच्या ढिगांनी लावून म्हणाल्या, “चार कमी पाच इसा.” मुले गोंधळून पाहू लागली. तेव्हा ती मुलगी उठली, फळ्यापाशी आली आणि एक इसा म्हणजे वीस, पाच इसा म्हणजे शंभर, त्यातून चार गेले म्हणजे शहाण्णव, असे तिने सर्वांस समजावून दिले. गुणाकाराचे उत्तरही तेच आले होते. शहाण्णव हा अंक मराठीत मुलांना फार छळतो. त्या दिवसापासून आमच्या वर्गात तो ‘चार कमी पाच इसा’ म्हणून सुखाने नांदत आहे.

शिवण तीन शनिवार चालली. आजींचा धावदोरा कडेने निघून चौकातून चौक काढीत आत जात होता; मुले टाके मोजीत होती, मुलगेही सुई धरीत होते. ते बस्कर आज वर्गात आहे. भिंतीवर त्याविषयी एकच कागद लावला आहे. त्यावर बस्कराची आकृती, त्याची लांबी-रुंदी, लागलेल्या तुकड्यांची संख्या आणि प्रत्येक तुकडा कोणाच्या घरून आला याची यादी आहे. तो कागद मुले रोज वाचतात, कारण त्यात त्यांच्या घरांची नावे आहेत. ती मुलगी आता फार बडबड करते, अशी इतर मुलांची तक्रार आहे.

रांगोळीचेही तसेच. दारापुढे ठिपके काढणाऱ्या मुलींना आपण गणितात कच्च्या म्हणतो, याचे मला नवल वाटते. सात ते एक ठिपक्यांची रांगोळी घ्या. मधल्या ओळीत सात, तिच्या वर व खाली पाच, मग तीन, मग एक. एकूण ठिपके पंचवीस होतात. चौथीच्या मुलांना विचारावे, ‘नऊ ते एक घेतले तर किती?’ ती आधी मोजतील. उत्तर एकेचाळीस येईल. मग पंचवीस म्हणजे सोळा व नऊ, एकेचाळीस म्हणजे पंचवीस व सोळा, हे एखाद्या मुलाच्या ध्यानात येते आणि अकरा ते एकचे उत्तर तो ठिपके न मांडता सांगतो. यासाठी तक्ता लागत नाही. ओसरीची फरशी व चिमूटभर रांगोळी पुरते, आणि दुसऱ्या दिवशी ती पुसून नवी काढता येते. पुसली जाणारी सजावट ही मला सर्वांत उत्तम वाटते. तिच्यावर धूळ बसत नाही.

येथे एक गोष्ट थोडी स्पष्ट बोलते. अलीकडे शाळांच्या भिंतींवर वारली चित्रांची फार हौस दिसते. वारली समाजातील स्त्रिया लग्नघरी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तो त्यांच्या जीवनाचा विधी आहे. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगापुढे नेली व २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. तिचा परिचय मुलांस अवश्य करून द्यावा. परंतु जेथे वारली वस्ती नाही, अशा गावी रंगाऱ्याकडून तीच तीच त्रिकोणी माणसे साच्याने उमटवून घ्यावयाची आणि गावातल्या घोंगडी विणणाऱ्याला, बुरुडाला, कुंभाराला कधी शाळेत बोलवावयाचे नाही, यात कला कोठे आली? आपल्या गावात जे हात आहेत, त्यांच्यापासून आरंभ करावा. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगाभोवती शिक्षणाची मांडणी झाली. पुढे अनेक शाळांत टकळीवर सूत काढणे हा केवळ तासिकेचा नियम उरला, म्हणून ती मांडणी कोमेजली. उद्योग गावाचा असला की मुलाचा हात आपोआप चालतो.

आता चुलीकडे वळते. आपल्या शाळांत दुपारचे जेवण शिजते. देशात ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली; २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला; आणि २०२१ पासून तिचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, असे प्रमाण ठरलेले आहे. आमच्या ओसरीवर एक फळी आहे. रोज सकाळी हजेरी झाली की पाळीचा मुलगा अथवा मुलगी त्या फळीवर हिशेब लिहिते: हजर ४०, तांदूळ ४ किलो, डाळ ८०० ग्रॅम, भाजी २ किलो, तेल २०० ग्रॅम. हजेरी ३७ असली की खरी परीक्षा होते, आणि ती मुले आनंदाने देतात. स्वयंपाकीण ताई फळी पाहून तांदूळ काढतात. चुकीचा आकडा असला तर आतूनच हाक येते. या फळीइतके वाचले जाणारे दुसरे काही आमच्या शाळेत नाही.

भाजी निवडण्यास दोन मुलगे व दोन मुली अशी पाळी आम्ही लावली. विळी-चाकू मात्र मोठ्यांच्याच हाती. एका पालकांनी विचारले, “पोराला भाजी निवडायला साळंत धाडलं का?” मी त्यांना इतकेच म्हटले की, सप्ताहाच्या पंगतीचा भात दरवर्षी आपणच उतरवता, तेव्हा ते काम पुरुषाचे नाही असे कसे म्हणावे? ते हसले व गेले. पाळी चालू राहिली. येथे बसलेल्या माझ्या शिक्षक बंधूंनीही याचा थोडा विचार करावा. ज्या घरी गुरुजी मेथीची जुडी हातात घेतात, त्या घरच्या बाईंचे टाचण वेळेवर पूर्ण होते, असे माझे निरीक्षण आहे.

हळदीविषयी सांगण्याचा मोह आवरत नाही. हळद पाण्यात कालवून कागदाला लावावी व वाळू द्यावी. त्या पिवळ्या कागदावर काडीने साबणाचे पाणी घेऊन लिहिले की अक्षर तांबडे उमटते. वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळे होते. विज्ञानाचा पाठ, चित्रकलेचा रंग आणि कुंकू कसे होते याचे उत्तर, हे सर्व एका चमच्यात आले. पळसाची फुले फाल्गुनात गोळा करून उकळली तर केशरी-पिवळा रंग मिळतो. गेरू आहेच. हळदीचा रंग उन्हाने उडतो. म्हणून असा कागद खिडकीसमोर लावू नये.

यावर आपण म्हणाल, ‘हे सर्व करावयास वेळ कोठून आणावा?’ प्रश्न रास्त आहे. आपल्यामागे माहिती भरण्याची कामे किती असतात, हे मी जाणते. परंतु कार्यानुभव व कला यांच्या तासिका वेळापत्रकात आहेतच. त्या भरून काढावयाच्या तासिका नसून याच कामाच्या आहेत. शिवाय शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत ते तयारीचा वेळ धरून. म्हणजे तयारी हे कामच आहे, असे कायदा मानतो; ती रात्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, घरच्या मुलाला कामाला लावून करावी, असे कोठेही लिहिलेले नाही. आम्ही आमच्या शाळेत तीन नियम पाळतो. सजावटीचा कागद शाळेबाहेर, घरी न्यावयाचा नाही. शिक्षकाने एकट्याने केलेली वस्तू भिंतीवर लावावयाची नाही. आणि नवे लावावयाचे असेल तर जुने एक उतरवावयाचे. भिंतीवर एका वेळी आठ-दहा कागदांपेक्षा अधिक नसतात. सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी कागद टांगले की मुलांना ते स्वतः लावता-काढता येतात; सुतळी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असावी.

अशा वर्गाला भेट देणाऱ्यांपैकी एखाद्यास तो ‘मोकळा’ वाटण्याचा संभव आहे. आम्हांलाही एकदा तसा शेरा मिळाला. त्या वेळी आम्ही काही बोललो नाही. मुलांनाच बस्कर, फळी आणि ठिपके दाखवावयास सांगितले. तासभर गेला. शेरा खोडला गेला नाही, परंतु त्याखाली दोन ओळींची भर पडली. उपस्थित अधिकाऱ्यांस माझी नम्र विनंती आहे की, वर्गात गेल्यावर भिंत पाहण्याआधी ‘हे कोणी केले?’ असे एका मुलास विचारावे, आणि त्याच्या उत्तरानंतर मग शेरा लिहावा.

मघाशी चहाच्या वेळी काहींनी खळीविषयी विचारले, तेवढे सांगून मी थांबते. विकतचा डिंक महाग पडतो. चिंचोके भाजून त्यांची टरफले काढावीत, रात्रभर भिजवून वाटावेत व पाण्यात ढवळीत शिजवावेत. घोंगडीला लावतात तीच ही खळ. चिंचोके नसतील तर मूठभर मैदा गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवावा. कीड लागू नये म्हणून काही जण खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे. मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत ते मुळीच घालू नये. खळ लागेल तेवढीच करावी, दोन दिवसांत संपवावी. पावसाळ्यात भिंतीला ओल येते व खळीच्या वासाने झुरळे जमतात, म्हणून जून ते सप्टेंबर कागद भिंतीला न चिकटवता सुतळीवरच टांगावेत. दिवाळीच्या सुटीपूर्वी सर्व उतरवून ज्याचे त्यास द्यावे. पाठकोरे कागद मात्र ठेवून घ्यावेत, पुढील सत्रात त्यांच्या मागील बाजूस हिशेब करता येतात.